आंबिवलीचं स्थळ

होडी कळव्याच्या काठाला लागली तशी अ‍ॅग्नेसने एका हाताने झगा वर उचलला, दुसऱ्या हातातलं पुस्तक छातीशी धरलं आणि चिखलात पाय टाकला. नावाडी फळी टाकतो म्हणत होता, पण तिला थांबवेना. मालन आठवडाभर शाळेत आली नव्हती, आणि शाळेतली सगळ्यांत हुशार मुलगी अशी हातची घालवायला ती स्कॉटलंडहून इतक्या लांब आलेली नव्हती.

पावसाळ्याच्या अखेरीस ती ठाण्याला आली, तेव्हा मुलींच्या त्या लहानशा शाळेत जेमतेम डझनभर मुली बसत. मुनशीकडे शिकलेलं तिचं मराठी ऐकून त्या तोंडावर हात धरून हसायच्या. मालन तेवढी हसली नव्हती. खाडीपलीकडे मिठागर करणाऱ्या दौलतची ही दहा वर्षांची मुलगी. मिठाचे व्यापारी वजनात फसवतात असा दौलतला संशय होता. घरात आकडा ओळखणारं कोणीतरी हवं, आणि मुलगा नाही, म्हणून त्याने मुलीला धाडलं होतं. मालन आकड्यांवर थांबली नाही. सहा महिन्यांत ती भराभर वाचू लागली.

अ‍ॅग्नेस निघाली तेव्हा गंगुबाई म्हणाली होती, "आज नका जाऊ. घरी ठेवलीय ती काही कारणानेच ठेवली असेल."

गंगुबाई शाळेतली दुसरी शिक्षिका, ठाण्यातलीच विधवा. ती फार बोलत नसे. तरी तिचं बोलणं अ‍ॅग्नेसने मनावर घेतलं नाही.

दौलतच्या अंगणात घोंगडी अंथरली होती आणि तिच्यावर पाहुणे बसले होते. मालन नव्या लुगड्यात, हळद लावून धुतल्यासारखी, आईजवळ उभी होती. काहीतरी सण असावा असं वाटून अ‍ॅग्नेसला आनंदच झाला. आपल्या पुस्तकी मराठीत तिने सर्वांना नमस्कार केला आणि सांगितलं, "आपली कन्या फार उत्तम वाचते. आपण ऐकावे." तिने पुस्तक मालनच्या हातात दिलं.

मालनने बापाकडे पाहिलं. बाप जमिनीकडे पाहत होता. नको असं कोणीच म्हणालं नाही, तेव्हा तिने उंटावरचा धडा उघडला आणि वाचला. उंट तिने जन्मात पाहिला नव्हता. पण आपल्याच दारात बांधलेल्या बैलाबद्दल सांगावं तसं ती वाचत गेली. धडा संपायच्या आत पाहुण्यांतल्या म्हातारीने गूळपाण्याचा गडवा खाली ठेवला आणि पदर सावरून ती उठली. तिच्यामागे बाकीचे उठले.

"ते बाळकुमचे लोक होते," गंगुबाईने दुसऱ्या दिवशी सांगितलं. "मुलगी बघायला आले होते. वाचणारी बायको केली की नवऱ्याचं आयुष्य सरतं, असं मानतात. त्यात मडम घरात आलेली पाहिली. आता दौलतने पोर बाटवायला दिली असं कळव्यात बोलताहेत."

"तुम्हीपण असे मानता?" अ‍ॅग्नेसने विचारलं.

"माझा नवरा गेला तेव्हा मला एक अक्षर येत नव्हतं," गंगुबाई म्हणाली, आणि फळा पुसायला वळली.

त्यानंतर अ‍ॅग्नेसचं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. शिकवताना मालनच्या रिकाम्या जागेकडे पाहायचं ती टाळायची आणि टाळता टाळता तिकडेच बघायची. प्रार्थनेला गुडघे टेकले तरी डोळ्यांसमोर यायची ती घोंगडी आणि मान खाली घातलेला दौलत. शेवटी एका रविवारी ती पुन्हा खाडी ओलांडून गेली. या वेळी फळीवरून उतरली.

मिठागरात काम जोरात होतं. मालन आईबरोबर टोपली वाहत होती. मिठाने तिच्या टाचा फाटल्या होत्या. अ‍ॅग्नेस दिसताच टोपली डोक्यावर तशीच धरून ती बांधावर थबकली.

"बाई, उंटाच्या पुढचा धडा झाला का?"

"झाला," अ‍ॅग्नेस म्हणाली. मालन टोपली घेऊन पुढे गेली.

वाटेत घोकून आणलेलं वाक्य अ‍ॅग्नेसने सगुणेला, मालनच्या आईला, ऐकवलं. "माझ्या हातून अपराध झाला आहे. मला क्षमा करावी."

सगुणेने ते नीट ऐकून घेतलं. हात लुगड्याला पुसले.

"क्षमा घेऊन मी काय करू, बाई? पोर घरान बसली. बाप तिच्याशी बोलत नाय. तुमी मोरलं, आता तुमीच जोरा."

अ‍ॅग्नेसला ते बोलणं कळलं नाही. सगुणेने सावकाश, लहान मुलाला समजवावं तसं पुन्हा सांगितलं. "लगीन मोडलं ते तुमच्यापायी. दुसरं तुमी जमवा."

गंगुबाईने ते ऐकून हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाली, "हे आपलं काम नव्हे. तुम्ही तर अशा लग्नांच्या विरुद्ध बोलता."

"होय," अ‍ॅग्नेस म्हणाली. "पण ती बाई बरोबर बोलते."

शाळेला सरपण घालणारा गुणाजी आंबिवलीचा होता, दौलतच्याच जातीचा. गाडी रिकामी करून तो घाम पुसत होता तेव्हा अ‍ॅग्नेसने त्याला गाठलं. "तुमचा पुत्र अविवाहित आहे काय?" गुणाजीला हसू आवरेना. मग गंगुबाईने पुढे होऊन सगळं नीट सांगितलं. मुलगी कामाची आहे, निरोगी आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे. गुणाजी म्हणाला, "आमची मंडली येईल बघाला. ती बोलंल ते खरं."

ठरल्या दिवशी दोघी कळव्याला गेल्या. अ‍ॅग्नेससाठी अंगणाच्या कडेला एक पाट ठेवला होता. गुणाजीची बायको मोठ्या बांध्याची, मोकळ्या आवाजाची होती. तिने मालनचे हात उलटेसुलटे करून पाहिले, तिला चालायला लावलं, टाचांच्या भेगा पाहून पसंतीची मान डोलावली. मग ती पाटाकडे वळली.

"मडमबाई, तुमच्या धरमान खोटं बोलाची बंदी हाय, आसं आमचे हे सांगतान. म्हनून तुमालाच इचारते. गावची मानसं बोलतान का पोरीला वाचाला येतं. खरं हाय का?"

दौलत तंबाखू मळत होता, त्याचा अंगठा थांबला. सगुणेने दाराची चौकट धरली. मालनने मान वर केली आणि अ‍ॅग्नेसकडे पाहिलं. वर्गात उत्तर येत असलं आणि आपल्याला विचारतील अशी खात्री असली की ती असंच पाहायची.

"नाही," अ‍ॅग्नेस म्हणाली.

एवढ्याने भागणार नाही हे तिला त्या बाईच्या चेहऱ्यावरून कळलं. तिने ओठ ओले केले.

"त्या दिवशी ती वाचत नव्हती. पाठ केलेले म्हणत होती. मी पुष्कळ शिकवले, पण तिला जमत नाही. शिकणे तिच्या डोक्यात शिरत नाही."

"खरं का गं?" गुणाजीच्या बायकोने मालनला विचारलं.

मालनची नजर अजून अ‍ॅग्नेसवरच होती. घरात ती नाय म्हणायची, हाय म्हणायची, आईसारखंच बोलायची. आता तिने हात सरळ खाली सोडले आणि प्रत्येक अक्षर सुटं करून, शाळेत शिकवलं होतं तसं, म्हणाली,

"मला वाचता येत नाही."

गुणाजीची बायको मोकळेपणी हसली. तिने सगुणेच्या हातावर हात ठेवला. कोणीतरी आत जाऊन गूळ आणला, दौलतचा अंगठा पुन्हा तंबाखूवर फिरू लागला आणि कितीतरी दिवसांनी त्याने मुलीला नावाने हाक मारली. सगळ्यांना गूळ वाट म्हणाला.

सगुणा अंगणाच्या कडेला आली. अ‍ॅग्नेसला हाताला धरून तिने उठवलं, बायकांच्या घोंगडीवर जागा करून दिली.

"हितं बसा, बाई. आता तुमी आमच्यातल्या."

अ‍ॅग्नेस बसली. गंगुबाई तिच्याकडे बघत नव्हती. मालन ताटली घेऊन एकेकीपुढे वाकत येत होती. अ‍ॅग्नेसपुढेही ती तशीच वाकली, इतरांना दिला तेवढाच गूळ तिच्या हातावर ठेवला, आणि शेजारच्या बाईकडे सरकली.

सगळ्या बायका मडमबाईकडे कौतुकाने बघत होत्या. अ‍ॅग्नेसने गूळ तोंडात टाकला.