निमाणीच्या पुढे

छायाने आईला बसमध्ये खिडकीजवळ बसवून दिलं आणि खालूनच बजावलं, "निमाणीला उतर. तिथून फुलबाजार कुणीही दाखवेल. झोपू नकोस हं." मग ती अंबडच्या कारखान्यात दुपारपाळीला निघून गेली.

नवसाबाई कशाला झोपते? वणीजवळच्या त्यांच्या वावरात तीस वर्षं झेंडू होत होता. फुलं ती तोडायची, क्रेट भरायची, आणि नवरा गोटीराम पहाटेच्या टेम्पोने नाशिकला न्यायचा. आपली फुलं जातात कुठं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. लेकीकडे चार दिवस आली होती, तर एकदा बघून घेऊ म्हणाली.

बस हलली. कोमट वारा तोंडावर येऊ लागला. त्रिमूर्ती चौक मागे पडला. पाट्या, पेरूचे गाडे, गॅलरीत वाळणारे कपडे, सगळं तिच्यापुढून आपोआप सरकत होतं. हातात खुरपं नाही, कुणाची हाक नाही. रिकामे हात मांडीवर जरा वेळ चुळबुळले, मग निवले. कंडक्टर थांबे पुकारत होता. मुंबई नाका, सीबीएस, शालिमार. ती नावं पाण्याखालून आल्यासारखी वाटू लागली. पुलावर नदी लखकन चमकली. घाटावर दोघी बायांनी पिवळंधमक लुगडं दोन टोकांना धरलं होतं आणि वाऱ्याने ते मधे फुगलं होतं. की झेंडूचा वाफाच तो? वाफा पाण्यावरून हळूहळू निघाला आणि त्याच्या मागोमाग बसही...

"मावशी, शेवटचा थांबा."

डोळे उघडले तर बाहेर झाडंच झाडं. समाधान नावाचा तो कंडक्टर हसत उभा होता. "तपोवन आलं. कुठं उतरायचं होतं तुम्हाला?"

"निमानी."

"ती केव्हाच गेली. बसा निवांत, पंधरा मिनिटांनी हीच गाडी माघारी फिरते."

मागच्या सीटवर कुणीतरी खुदकन हसलं. तिच्याच वयाची एक बाई, काळा बुरखा, मांडीवर पिशवी. "मी पण झोपले, बहेन. शालिमार गेलं माझं." मालेगावची जहिदा ती, भाचीकडे पाहुणी आलेली. उठून शेजारी येऊन बसली आणि पिशवीतून शेंगदाणे काढले. "आमच्या घरात कापडाचे चार लूम. रातदिन खडखड. बंद पडले की जाग येते मला. ही बस बिलकुल तशीच वाजते."

नवसाबाई हसून हसून बेजार झाली. तेवढ्यात गोटीरामचा फोन आला.

"पोचली का बाजारात?"

"नाय. तपोवनात हाय."

"तिथं काय हाय?"

"झाडं. लय जुनी. खाली सावली अशी पडलीय, हिरव्या पान्यासारखी. तुमी आला नाय कधी हिकडं?"

"मी कुठं येतो? माल उतरला की माघारी. उजाडायच्या आत." मग तो म्हणाला, "सांग की आनखी."

तीस वर्षं तो येऊन शहराबद्दल काहीबाही सांगायचा आणि ती चूल फुंकत ऐकायची. आज तिने त्याला पूल सांगितला, घाट सांगितला, फुगलेलं लुगडं सांगितलं. तो नुसता "हं, हं" करत राहिला. जहिदाने शेंगदाणे सोलून तिच्या ओंजळीत टाकले.

बस फिरली. निमाणी आली तसं समाधानने मुद्दाम वळून सांगितलं, "मावशी, उतरा."

नवसाबाई अर्धी उठली. बाहेर माणसांची, रिक्षांची झुंबड होती. बाजार म्हणजे पुन्हा क्रेट, पुन्हा फुलं, पुन्हा भाव. ती खाली बसली. "राहू दे, बाबा. पुढचं तिकीट फाड."

शालिमारला जहिदा उतरली. खालून खिडकीवर टकटक करून म्हणाली, "मालेगावला या एकदा."

"येते. पन तुझ्या लूमनं मला झोप यायची नाय."

"येईल, येईल!"

बस निघाली. दुकानांतले दिवे एकेक लागू लागले होते. नवसाबाईने समाधानला हाक मारली. "नाशिकरोडला जायला कुठली गाडी रं?"

"शालिमारहून सुटते. काय काम आहे तिकडं?"

"काम काय नाय," ती म्हणाली, आणि काच पूर्ण उघडून बसली.