वर्दीबाबाचा लाल बल्ब

कुंभारीच्या माळावर पत्र्याच्या शेडपुढं सकाळपासून ही रांग लागलेली. सपाट तळव्यांची पोरं, चालताना गुडघे घासणारी पोरं, कितीही श्वास भरला तरी छाती न फुगणारी पोरं. सगळी पोलिस भरतीच्या तपासणीत नापास झालेली, नाहीतर त्या भीतीनं अर्धी झालेली. आत वर्दीबाबा. अंगात खाकी कफनी, हातात लाठी. बाबांचा पोलिसांशी पूर्वी बराच संबंध आला होता म्हणे, फक्त वर्दी घालणाऱ्या बाजूनं नव्हे.

"डागदर नुसतं कातडं बघतो! मी आतला शिपाई जागा करतो!" बाबा गरजले की सगळी रांग माना डोलवायची.

मी शाळेत पीटीचा मास्तर, पहाटे भरतीच्या पोरांना ग्राउंडवर पळवतो. माझा सगळ्यात तेज पोरगा बिरुदेव त्या रांगेत उभा होता, म्हणून मीही तिथं. लाल-हिरव्यात त्याचा जन्मापासून घोळ. घरच्या मेंढरांच्या पाठीवर लाल खूण, मामाच्या मेंढरांवर हिरवी. हा संध्याकाळी मामाचीच दोन-चार हाकून आणायचा आणि मामा शिव्या देत दारात यायचा. रंग ओळखता आले नाहीत तर भरतीतून घरी पाठवतात, हे मी त्याला कितीदा सांगितलं होतं!

येत्या रविवारी त्याचा तलाठ्याचा पेपर होता. गणितात पोरगा पक्का, आणि तलाठ्याची भरती पुन्हा कधी निघेल ते सरकारलाच ठाऊक. पण बाबांचा हुकूम सुटला होता, "दुसरी परीक्षा दिली तर देवी रुसंल." झालं, स्वारी पेपरला जाणार नव्हती. माझं डोकंच फिरलं.

बाबांच्या शिष्यानं भर उन्हात रंगीत ठिपक्यांचा तक्ता धरला. बाकीच्यांनी तोंड उघडायचं नाही, अशी ताकीद होती.

"काय दिसतं?"

"ठिपकं."

"आकडा?"

"न्हाई दिसत."

चौऱ्याहत्तरचा आकडा आम्हा सगळ्यांना ढळढळीत दिसत होता. मग बाबांनी त्याच्या पापण्यांना अंगारा फासला आणि त्याच्यासह मला, त्याच्या आईला नि धाकट्या बहिणीला आतल्या खोलीत नेलं. खिडक्या बंद, उदाचा धूर, देवीपुढं तेवढा एक लाल बल्ब. पुन्हा तोच तक्ता.

"चौऱ्याहत्तर!" बिरुदेव ओरडला. "आये, दिसतंय गं मला!"

त्याची आई तानाबाई बाबांच्या पायांवर कोसळली. पोरगा ढसाढसा रडत होता. त्याला खरंच आकडा दिसला होता, आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर मीही गार पडलो.

संध्याकाळी मी त्यांच्या दारात बसलो होतो, तर बिरुदेवनं मामाची दोन मेंढरं घरी आणली.

"तेज उतरलं आसंल," तानाबाई म्हणाली. "उद्या परत अंगारा लावू की."

त्याची धाकटी बहीण पूनम ओढणीचं टोक उजेडात धरून बघत होती. मग मला म्हणाली, "सर, त्या खोलीत माझी हिरवी ओढणी काळी दिसत हुती. मग तक्त्यावरचं हिरवं ठिपकंबी काळंच दिसलं आसतील की!"

"अगं बाई!" मी कपाळावर हात मारला. एवढं साधं माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही रांगेपुढं उभे राहिलो. मी वेगळ्या आकड्याचा तक्ता आणला होता, पूनमनं लाल जिलेटीन कागद. तो तिनं दादाच्या डोळ्यांपुढं धरला. अंगारा नाही, मंत्र नाही.

"एकोणतीस," बिरुदेव म्हणाला.

कागद काढला. बाबांचाच अंगारा पापण्यांवर जाड थापला.

"ठिपकं."

मी ओरडून सांगितलं, "पोरांनो, लाल उजेडात लाल ठिपके उजळतात, हिरवे काळे पडतात. याला रंग कळलाच नाही, नुसतं उजळ आणि काळं कळलं!"

"श्रद्धा न्हाई तितं देवी न्हाई!" बाबांनी दारात येऊन लाठी आपटली.

"श्रद्धा ठेवतो की बाबा," पूनम म्हणाली, "तुमी तेवढा पांढरा बल्ब लावा."

बाबांना एकदम ध्यानाची वेळ आठवली. ते वळले, तोच बिरुदेव पुढं झाला. "बाबा, भरतीच्या डागदरकडं लाल बल्ब आसंल का?"

दार आतून लागलं. निम्मी रांग पांगली. सपाट तळव्यांची पोरं मात्र उभीच राहिली. त्यांच्या तळव्यांचा बल्बशी काय संबंध!

वाटेत बिरुदेव म्हणाला, "सर, म्हंजे मी पोलिस हुणार न्हाई."

"नाही होणार," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं, पण आता आणखी एक खोटं कशाला? "तुझे डोळे जन्मापासून असेच आहेत. त्याला अंगारा नाही, औषधही नाही."

"माझ्या लेकराचं काय चुकलं वो, सर?" तानाबाईनं विचारलं.

"काही चुकलं नाही त्याचं. देवीचा कोप नाही की कुणाची करणी नाही."

रविवारी तो सोलापूरला पेपरला गेला. सोडायला तानाबाई स्वतः फाट्यापर्यंत आली होती.

भरतीच्या पोरांनो, पळायला लागण्याआधी डोळे, पाय, गुडघे एकदा चांगल्या डॉक्टरला दाखवा. नकार मिळाला तर रडा, मीही बसेन तुमच्याजवळ. पण रडून झालं की उठा आणि दुसरा अर्ज भरा. आणि कुणी अंधाऱ्या खोलीत चमत्कार दाखवायला लागला, तर त्याला म्हणा, महाराज, हेच जरा बाहेर उन्हात करून दाखवा.