पूजेनंतर मी खोटं बोलू लागलो

मी वजनकाटा बोलतोय. भाजीवाल्याचा नव्हे, उंदीर मोजणारा. दोन किलोपर्यंत वजन सांगतो, ग्रॅमच्या दहाव्या भागापर्यंत, आणि सांगताना समोरच्याचं तोंड बघत नाही. निदान बनवलं तरी तसंच होतं मला, बेंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या भागातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथल्या बाईनं शेवटचं एकदा माझ्यावर वजन ठेवलं, आकडा बघितला, "सरी" म्हणाली आणि खोक्यात भरलं. म्हणजे कन्नडमध्ये 'बरोबर आहे', एवढंच. त्यानंतर इतकं साधं कुणी माझ्याबद्दल बोललं नाही.

तिथून त्याच शहरातल्या हेब्बाळला आलो, एका संशोधन संस्थेच्या उंदीरघरात. इथले मालक हयवदन सर. लठ्ठपणावरचे मोठे शास्त्रज्ञ. त्यांचं भाषण मला पाठ आहे, कारण पाहुणा आला की ते माझ्या शेजारी उभं राहूनच देतात. चरबीच्या पेशी एक हार्मोन सोडतात. ते रक्तातून मेंदूकडे निरोप नेतं, की पुरे, आता खाणं थांबव. मेंदूतल्या पेशींवर रिसेप्टर असतो, तो निरोप घेतो. लठ्ठ उंदरांत निरोप ढिगानं येतात, पण रिसेप्टर दाद देत नाही. "म्हणून," सर बोट वर करतात, "लठ्ठपणा म्हणजे आळशीपणा नव्हे!"

टाळ्या. पाहुणा जिन्यापर्यंत पोचत नाही तोच पिंजरे धुणाऱ्या गोजराबाईंकडे वळून, "काय गोजराबाई, स्वल्प कमी खात जा. दार अडतंय."

"आनेकलहून दोन बस बदलून येते सर. खायला वेळ कुठं मिळतो?"

सर हसायचे. रिसेप्टर फक्त उंदरांना असतो अशी त्यांची समजूत असावी.

खरं काम आश्लेषा करायची. सरांची पीएचडीची विद्यार्थिनी, चौथं वर्ष. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातली. सरही तसेच, म्हणून तिच्याशी मराठीत बोलायचे. "तू आपल्यातली." आपल्यातली म्हणजे काय, तर रविवारीही कामाला येणारी आणि उलट न बोलणारी.

रिसेप्टरला पुन्हा ऐकायला लावणारं एक औषध ती तपासत होती. बारा लठ्ठ उंदरांना औषध, बारांना नुसतं मिठाचं पाणी. दर सोमवारी एकेकाला डब्यात घालून माझ्यावर ठेवायची. उंदीर थरथरायचा, ती "झालं रे, झालं" म्हणत राहायची.

मग आली खंडेनवमी, म्हणजे इथली आयुधपूजा. या शहरात त्या दिवशी बसपासून स्क्रूड्रायव्हरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं. माझी पूजा सरांनी स्वतःच्या हातानं केली. गंध, कुंकवाचा चिखल, वर मूठभर ओल्या अक्षता. गोजराबाई फडकं घेऊन आल्या तर ओरडले, "पूजेचं पुसायचं नसतं! जाईल तेव्हा जाईल."

गेलं नाही. चार-पाच दाणे माझ्या ताटलीखाली सरकले आणि कुंकवासकट वाळून दगड झाले. ताटली त्यांच्यावर टेकली. वजनाचा काही भाग ते दाणे खायचे, उरलेला माझ्यापर्यंत यायचा. चाळीस ग्रॅमचा उंदीर मी सदतीसचा सांगू लागलो. मला कळत होतं. पण मला आकड्याशिवाय तोंड नाही.

सर नाचायचे बाकी होते. "बघितलंस? दोन आठवड्यांत तीन ग्रॅम!"

"पण सर, पाणी टोचलेलेही उतरलेत."

"मग त्यांची दसऱ्याआधीची वजनं घे. सिंपल."

"असं कसं घेता येईल?"

"आश्लेषा, तू जन्मली नव्हतीस तेव्हापासून उंदीर मोजतोय मी."

झालं. वय काढलं की वाद संपतो. निबंध प्रसिद्धीला गेला. तिचं नाव पहिलं, सरांचं शेवटचं, खाली रेघ मारून.

तिला झोप लागत नसावी. एका सकाळी तिनं पन्नास ग्रॅमचं पितळी वजन आणून माझ्यावर ठेवलं. मी म्हणालो, ४६.३. तिनं ताटली उचलली.

"अगंबाई, अक्षता!" गोजराबाई वाकून बघत म्हणाल्या. "अक्का, मी पुसत होते ना!"

आश्लेषानं फोटो काढला, दाणे खरवडले, मला धुतलं आणि चोवीसही उंदीर पुन्हा मोजले. एकही उतरला नव्हता. औषध चालत नव्हतं. चार वर्षं गेली होती, आणि ते तिनं वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं.

सरांनी वही वाचली, मिटली. "हे कुणाला दाखवलंस?"

"आधी तुम्हालाच. निबंध मागे घेऊ या, सर."

"तुझ्या प्रबंधावर सही कोण करणार आहे?"

तिनं तिथूनच वडिलांना फोन लावला. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "मोठे लोक आहेत गं. आपलेच आहेत. स्वल्प अ‍ॅडजस्ट कर." अ‍ॅडजस्ट करणारा काटा कसा असतो ते मी दोन महिने दाखवलं होतं. माणसांना तो फार आवडला होता.

तिनं केलं नाही अ‍ॅडजस्ट. निबंध छापणाऱ्या मासिकाला फोटोसकट सगळं लिहून कळवलं. चौकशी समिती बसली. समितीपुढे सर म्हणाले, काटा नादुरुस्त आहे, त्यामुळे मुलीनं नंतर घेतलेली वजनं चुकीची. दसऱ्यानंतरची तेवढी बरोबर. म्हणजे खोटं बोलत होतो तेव्हा मी ठणठणीत, आणि धुतल्यावर बिघडलेला! माझ्यावर 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लागली. तिचं ओळखपत्र जमा झालं.

जाताना ती गोजराबाईंना एवढंच म्हणाली, "गोजरक्का, हा काटा भंगारात जाऊ देऊ नका."

"माझ्या अंगावरून न्यावा लागेल त्यांना," गोजराबाई म्हणाल्या. "आणि मी काही हलकी नाही."

आता मी उंदरांच्या खाद्याच्या खोलीत, पोत्यांमागे आहे. समितीत पाच जण आहेत, सगळे साठीपलीकडचे, सगळे सरांचे मित्र. दोनदा येऊन गेले. पहिल्यांदा कॉफी प्यायले. दुसऱ्यांदा या खोलीच्या दारात उभं राहून, काटा नादुरुस्त आहे असं लिहून घेतलं. आत कुणी आलं नाही. "हा चालतो की नाही, बघू या" असं पाचांतल्या एकालाही सुचलं नाही. मोठ्यानं सांगितलं की खरं, हेच ते आयुष्यभर शिकले आणि शिकवत आले.

पुढच्या आठवड्यात निकाल आहे. मुलगी खोटी ठरेल किंवा सर. मला बोलावलेलं नाही.

काकांनो, पोती बाजूला करा. प्लग लावा. काहीही ठेवा माझ्यावर, तुमची पेनं, तुमचे चष्मे. आणि आकडा दिसला की तो लिहिण्याआधी एकमेकांची तोंडं बघू नका.