राखून ठेवलेली ओळ

धाकटीने तो नियम केला तेव्हा अख्ख्या ऑफिसने तिची पाठ थोपटली होती. केसाएवढ्या फायबरमधून अठ्ठेचाळीस रंगांचा प्रकाश एकाच वेळी धावतो. एकेक मागणी येईल तसा त्या मागणीला एक रंग, म्हणजे एक इंटरनेट लाइन, द्यायचा, तोही तिथल्या तिथे, पुढे कोण येणार हे ठाऊक नसताना. छोटी मागणी नाकारून मोठीची वाट बघायची मुभा होती. अर्जावर नाव नाही, फक्त वेगाचा आकडा. आणि एकदा हो म्हणजे हो, नाही म्हणजे वर्षभर नाही. वशिल्याच्या तट्टूंची पार पंचाईत झाली.

आणि याच बाईने घरच्यांसाठी मात्र चोरवाट ठेवली! डोंगरापलीकडे दादाचा दवाखाना होता. त्याला लाइन मिळाली, की शहरातला हृदयाचा डॉक्टर तिथले पेशंट पडद्यावर तपासणार होता. पहिला पेशंट म्हणजे बाबा. त्यांना आता डोंगर ओलांडून शहरापर्यंतचा प्रवास झेपत नव्हता. "तू शंभरचा वेग माग," तिने दादाला बजावलं होतं, "एवढं कुणी मागत नाही. मी ओळखेन."

वाटपाच्या दिवशी मोबाइल बाहेर खणात बंद, खोलीला खिडकी नाही, दार उघडणार ते पाचलाच. तीन वाजता पडद्यावरच्या अठ्ठेचाळीस रंगांच्या ओळींपैकी एकच रिकामी उरली आणि शंभरचा पत्ता नाही. धाकटीचा जीव टांगणीला लागला. तीन वीसला मागणी आली, दहाची.

"देऊन टाका की, मॅडम," साहेब म्हणाले. "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?"

"मोठी येईल, साहेब." तिने नकाराचं बटण दाबलं.

त्यानंतर आणखी दोन बारक्या मागण्या तिने परतवल्या. घड्याळ काही थांबेना. पाच वाजले, वाटप बंद झालं, ओळ रिकामीच राहिली.

दार उघडताच तिने खणातून मोबाइल काढला आणि दादाला फोन लावला. ती चिडली होती.

"अर्ज का नाही केलास?"

"केला की! तीन वीसला."

"शंभर लिहायचं ठरलं होतं ना?"

"अगं, बाबांनी लिहू दिलं नाही. म्हणाले, लागतात दहा तर दहाच लिही, पोरीच्या नावाला बट्टा नको. थांब, त्यांना देतो."

नियम धाकटीचाच होता, त्याला पळवाट नव्हती. ती तिनेच बुजवली होती.

"बाळ," बाबांचा आवाज आला, मधेच धाप लागलेला. "नाही मिळाली ना लाइन? रंग संपले असतील. असू दे. तुझ्या नियमाने झालं ना, मग मला वाईट नाही वाटत."

मागे दार उघडंच होतं. आतल्या पडद्यावर अठ्ठेचाळिसावी ओळ रिकामी दिसत होती.

"हो बाबा," ती म्हणाली. "संपले."