उलटी सीट

“भैया, आज मैं सामने बैठूँ?”

व्हॅनमधल्या पिंकी आणि श्रावणीने पैज लावली होती : हे विचारून दाखव, शाळा सुटल्यावर ठेल्यावरचे गुपचुप, म्हणजे पाणीपुरी, आमच्याकडून.

तिसरीपासून मी शाळेच्या व्हॅनमध्ये सगळ्यात मागे बसत आले. ती सीट उलटी आहे, तोंड मागच्या काचेकडे. त्यामुळे आख्खं रायपूर मी फक्त दूर जाताना पाहिलेलं. आता दहावीत आहे, गुडघे दप्तराला टेकतात, तरी कधी विचारलं नव्हतं. वाटायचं, समोरची सीट कोणाची तरी असेल.

व्हॅन चालवणाऱ्या गंगाधर भैयांनी त्या सीटवरचा आपला डबा उचलला. “हव, बैठ ना.”

बस्, एवढंच. त्या दिवशी पहिल्यांदा शहर माझ्याकडे येताना दिसलं.

त्या जोरावर संध्याकाळी मी बाबांजवळ शाळेत सायकलने जायचा विषय काढला. वाढदिवसाला मिळालेली सायकल तशीच पोर्चमध्ये उभी होती. आई तिच्यावर नॅपकिन वाळत घालायची.

“पोट्टी, घरून निघाल्यावर कुठं वळायचं ते तरी माहीत आहे काय तुले?” बाबा म्हणाले. “डोळे मिटून रस्ता सांगशील, त्या दिवशी काढ सायकल.”

“आता है मुझे,” मी म्हटलं. घरी मी हिंदीतच उत्तर देते.

येत नव्हता, हे त्याच आठवड्यात कळलं. गंगाधर भैया अभनपूरला गेले आणि बदलीवर त्यांचा भाचा यशदीप आला. समोर मी बसलेली, म्हणून रस्ता मलाच विचारला. तात्यापारा चौकात मी ऐटीत म्हटलं, “लेफ्ट.” व्हॅन वळली आणि भाजीच्या ठेल्यांत जाऊन अडकली. इतकी वर्षं उलटं बसून माझ्या डोक्यात डावं-उजवंही उलटंच बसलेलं. आम्ही पोहोचलो तेव्हा प्रार्थना संपली होती.

“मॅडम, गंधाली हमको सब्जी दिलाने ले गई थी,” पिंकीने फाटकावरच सांगून टाकलं.

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी पाय आपोआप मागच्या सीटकडे निघाले. मी त्यांना समोर वळवलं.

मग ठरवलं, रोज एकच वळण पाठ करायचं. आज फक्त आझाद चौक, उद्या त्याच्या पुढचं. परत येताना आईला सांगून घराच्या एक वळण आधी उतरायचं आणि श्रावणीसोबत चालत यायचं. ते जमलं की आणखी एक वळण आधी. पायांना कळलं की डोक्याला कळतं. शेवटी एक दिवस आम्ही व्हॅनमध्ये बसलोच नाही. बुढा तालाबावरून गप्पा मारत मारत चौबे कॉलनीत घरी आलो, तेव्हा आई दारातच उभी होती. मला आवडतो तसा चहा केला तिने.

रविवारी पोहे खाताना मी डोळे मिटले आणि रस्ता सांगितला. आधी जातानाचा, मग येतानाचा. एकदाही अडले नाही.

बाबांनी चमचा थांबवला. “अन् तात्यापाऱ्याजवळ रस्ता खोदून ठेवला असला तं?”

“तर भाजीवाल्या गल्लीतून फिरून. ती तर मले एकदम पाठ आहे.”

आईला हसताना ठसका लागला. “पाहा, मराठीत बोलून राहिली ही. आता काही खरं नाही तुमचं.”

“आई, सायकलवरचे नॅपकिन काढ,” मी म्हटलं. “बाबा, सोमवारपासून मी सायकलने जाणार आहे. गंगाधर भैयांना सांगून झालं, माझ्या सीटवर आता श्रावणी बसेल. पहिल्या दिवशी तुम्हाला काळजी वाटली तर स्कूटर घेऊन या. पण तुम्ही मागून यायचं. समोर मी राहीन.”