भिंतीवरची कोंबडेवाली

मी कोंबडेवाली बोलतेय. घड्याळजींच्या बैठकीत, दुसऱ्या रांगेत, खिडकीकडून तिसरी. मूळची मी फ्रान्सची, वय दोनशेच्या घरात. मला रंगवणारीला घाई झाली असावी, माझ्या निळ्या कोंबड्याला तिने एकच पाय काढला. पण त्या एका पायावर मी काय मिरवते म्हणता! शोभेची बशी मी, अंगावर कधी घास पडला नाही.

घड्याळजींनी मला जुन्या बाजारात निवडलं. त्यांची रीत ठरलेली. बशी तीन बोटांवर तोलायची आणि कडेला टिचकी मारायची. खणखणीत वाजली तर घरी. बद्द वाजली तर आत तडा, मग कितीही देखणी असो, तिला या घरात जागा नाही. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करत टिकटिक ऐकलेला कान, त्याच्यापुढे कुणाचं काय चालणार?

दर रविवारी ते आम्हा एकोणीस जणींना उतरवून पुसतात, वाजवून बघतात. परवा माझ्यावर टिचकी मारली आणि त्यांचा चेहराच पडला.

"ही गेली गं. आतून तडकली."

मी तर नेहमीसारखी वाजले होते! पण माझं ऐकतो कोण? त्यांनी मला कागदात गुंडाळलं, बाजारात परत द्यायला. मग शेजारची वाजवली.

"हीपण गेली?"

त्यांची बायको हातातलं काम टाकून आली. तिने शेजारणीला टिचकी मारली. खणखणीत. ती जागच्या जागी थबकली. हल्ली किटलीची शिट्टी यांना ऐकू येत नाही, हे तिने आधीच हेरलं होतं.

कागद सोडून तिने मला त्यांच्या तीन बोटांवर ठेवलं आणि टिचकी मारली. माझी थरथर त्यांच्या बोटांत उतरली.

"वाजतेय की ही," ते हळूच म्हणाले. "म्हणजे माझेच कान..."

"हो."

"तडकलेल्याला आपण घरात ठेवत नाही."

"तो नियम बशांना आहे," ती म्हणाली. "आणा ती दुसरी."

मला रडता येत नाही म्हणून, नाहीतर तेव्हाच रडले असते.

आता मी पुन्हा माझ्या जागेवर आहे. रविवारी टिचकी ती मारते, ते बोटांनी ऐकतात. माझं एवढंच मागणं आहे, बाई: जमतील तेवढे रविवार मला उतरवा. आणि खुशाल जोरात वाजवा, मी सहजी फुटणारी नाही.