बाराशे अंशांवरची सही

नव्या मिश्रणाचं सिंटर भट्टीच्या वाटेला लागलं आणि कारखान्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच शब्द झाला: खणखणीत! लोहखनिजाचा चुरा, चुनखडी आणि कोळशाची भुकटी एकत्र भाजून झोतभट्टीसाठी जी ढेकळं, म्हणजे सिंटर, करतात, त्यांची पारख इथे कानांनी व्हायची. ढेकूळ उचलायचं, लोखंडी कठड्यावर आपटायचं. वाजलं की पास, फुटलं की भाजणाऱ्याचा उद्धार. ही रीत कोणी पाडली देव जाणे, पण मोठे साहेबसुद्धा एकदा आपटून बघितल्याशिवाय पुढे जात नसत.

चाचणीघरातल्या बाईंना या आपटाआपटीचा भयंकर राग यायचा. अठरा वर्षं त्या ढेकळं कापून आतली छिद्रं मोजत होत्या, म्हणून सगळे त्यांना छिद्रबाई म्हणत, अगदी तोंडावर. त्यांचं म्हणणं साधं होतं. भट्टीतला तापलेला वायू ढेकळाच्या आत शिरला, तरच खनिजातला ऑक्सिजन सुटून लोखंड हाती लागतं. शिरायला वाट हवी, आणि ती वाट म्हणजे एकमेकांना जोडलेली बारीक छिद्रं. आवाजाच्या नादात भाजणाऱ्याने कोळशाची भुकटी वाढवली, ढेकूळ आतून वितळलं आणि निम्म्या वाटा बुजल्या.

भाजणारा कोणी परका असता तर बाईंनी त्याला केव्हाच फैलावर घेतलं असतं. पण तो त्यांचा सख्खा धाकटा दीर होता.

"वहिनी, नऊशे अंशांची चाचणी पास झालीय ना?" सकाळीच तो दारात येऊन उभा राहिला. "मग करून टाका की सही. कशाला घोळ घालताय?"

"काठावर पास आहे. आणि भट्टीत खाली बाराशे असतात."

"नियमात नऊशेच लिहिलंय."

"भट्टीला वाचता येत नाही, भावोजी."

तो हसला नाही. "माझी बढती अडकलीय यात. तुम्हाला काय सांगायचं?"

बाईंना फार वाईट वाटलं. नवरा परगावी असताना तापाने फणफणलेल्या लेकीला खांद्यावर टाकून दवाखान्यात धावलेला हाच तो दीर. तरी त्यांनी चाचणीची भट्टी पेटवली, ढेकळांवर वजन ठेवलं आणि पारा बाराशेवर नेला.

अकराशे पन्नासपर्यंत सगळं ठीक होतं. मग ढेकळं मऊ पडली, आतला वितळलेला रस उरल्यासुरल्या छिद्रांत शिरला, आणि वायूच्या दाबाचा काटा सरसर चढला. वायूला आत जायला जागाच उरली नव्हती. थंड झाल्यावर बाईंनी एक ढेकूळ कापलं, मग आणखी पाच. कडेला नखाएवढं लोखंड, आत सगळं काळं, कच्चं.

दुपारी त्यांनी पहिल्याच्या दोन्ही फाका साहेबांच्या टेबलावर ठेवली. दीर आधीच तिथे येऊन बसला होता. शेजारी दाखला होता, त्यावर छापलेलं: मिश्रण भट्टीसाठी योग्य. खाली सहीची जागा कोरी.

"एका ढेकळावरून काय ठरतं?" साहेब म्हणाले.

"सहा कापलीत. सहाही कच्ची. बाकीची पाच आणू?"

"बाई, वरपर्यंत कळवून झालंय. सही नसेल करायची तर उद्यापासून भांडारात बसा. दुसरं कोणी करेल."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दुसरं कोणी कशाला? तुम्हीच करा," त्या म्हणाल्या आणि दाखला साहेबांकडे सरकवला. "फक्त 'बाराशे अंशांवर योग्य' एवढं हाताने लिहा. उद्या भट्टी गुदमरली की सगळे हाच कागद शोधतील."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. कापलेल्या ढेकळाकडे पाहिलं. मग पेन दिराकडे धरलं. "मिश्रण तुमचं आहे. तुम्ही करा."

दिराने पेन घेतलं. एक फाक उचलून त्याने काळ्या भागावरून अंगठा फिरवला. आपलंच काम होतं, ओळखायला वेळ लागला नाही. त्याने पेन टेबलावर ठेवलं.

"साहेब, आधी तुमची सही. मग माझी."

पेनाला कोणी हात लावेना. शेवटी बाईंनीच ते उचललं, छापलेल्या 'योग्य'च्या आधी ठसठशीत 'अ' काढला आणि खाली पूर्ण नावानिशी सही ठोकली.

"भांडारात किती वाजता हजर व्हायचं," त्या म्हणाल्या, "तेवढं सांगा."